मुक्काम पायथ्याला, परवानाही पायथ्यालाच

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस उघडून वाटा वाळल्या की खेड तालुक्यातल्या चोरवण्यात आणि संगमेश्वर तालुक्यातल्या शृंगारपुरात शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्या येऊन उभ्या राहू लागतात. चोरवण्याहून नागेश्वरची गुहा आणि पुढे वासोटा किल्ला, शृंगारपुराहून प्रचितगड. पाठीवर तंबू, गॅसची शेगडी आणि दोन दिवसांचा शिधा. वर कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे हे बहुतेकांना ठाऊक असते. तिथे रात्र काढायची तर कोणाची, कशी आणि कशासाठी परवानगी लागते, हे विचारले की मात्र तीन माणसे तीन उत्तरे देतात. त्यातले "गावात सांगून जा, कोणी काही बोलत नाही" हे उत्तर सगळ्यांत घातक. त्याच्यापायी दरवर्षी चांगली मुलेमुली गुन्ह्यात अडकू शकतात आणि जंगलाचेही नुकसान होते. म्हणून पत्र लांबले तरी जागा द्यावी, ही विनंती.

आधी कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ मध्ये परवान्याशिवाय अभयारण्यात कोण जाऊ शकतो याची मोजकी यादी आहे: कामावर असलेला सरकारी नोकर, आत राहण्याची मुभा मिळालेला माणूस, आत स्थावर मालमत्तेवर हक्क असलेला, या तिघांवर अवलंबून असणारे, आणि आतून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याने प्रवास करणारा. बाकी सगळ्यांना कलम २८ खालचा परवाना लागतो. तो वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन किंवा आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार एवढ्याच कारणांसाठी देता येतो. कलम ३५ (८) मुळे हेच नियम राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतात. "ही पूर्वापार घाटवाट आहे, आमचे आजोबा इथून मीठ घेऊन जायचे" हे खरे असले, तरी त्या आधारावर जुन्या पायवाटेला सार्वजनिक रस्ता मानून आत शिरणे धोक्याचे आहे. नियमभंगाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची कमाल रक्कम २५ हजारांवरून एक लाख रुपयांवर गेली आहे. कचरा टाकण्याची बंदी परवान्यावरची नेहमीची सूचना म्हणून सोडून देऊ नये. ती थेट कलम २७ मध्ये लिहिलेली आहे.

कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. साधारण ६०० चौरस किलोमीटरचा गाभा आणि भोवती ५६५ चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गाभ्याच्या २० टक्क्यांहून जास्त भागात पर्यटन नेता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची वाघीण चांदोलीत आणली गेली. त्यामुळे गाभ्यात तंबू ठोकायची परवानगी आज ना उद्या मिळेल, या आशेवर कोणी सहलीचे बेत आखू नयेत. आमचे मत तर त्याहून पुढचे आहे: ती मिळू नये.

याचे कारण पाण्यात आहे. कोकणाकडून कडा चढून गेल्यावर जानेवारीनंतर ओढे आटलेले असतात. बारमाही पाणी उरते ते गडावरच्या खोदीव टाक्यांत, गुहेजवळच्या झऱ्यात, नाहीतर पार खाली धरणाच्या फुगवट्याला. गवा, सांबर, भेकर आणि त्यांच्या मागावरचा बिबट्या त्याच पाण्यावर येतात, आणि बहुतेक सांज ते पहाट या वेळात येतात. तंबू मात्र माणूस नेमका पाण्याजवळच लावतो, कारण पंधरा जणांच्या स्वयंपाकाला चाळीस-पन्नास लिटर पाणी लांबून कोण आणणार? मग रात्रभर बोलणे, बॅटऱ्यांचे झोत आणि शेगडीचा वास. कळप कड्याच्या आडोशाला थांबतो आणि तहानलेलाच माघारी फिरतो. सलग शनिवार-रविवार हेच झाले तर जनावर तो पाणवठा सोडते. मग ते खाली वाड्यांच्या बाजूला उतरते, शेतात शिरते, आणि "गवे आले" म्हणून ओरड होते. डोंगरावरचा तंबू आणि खालच्या शेतकऱ्याचे नुकसान यांचा असा थेट संबंध आहे, पण तो फारसा कोणी जोडून पाहत नाही.

मग माणसे तरीही वर का राहतात? बेफिकिरी आहेच, पण नुसती बेफिकिरी नाही. हिशेब करून पाहा. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहानंतर थोड्याच वेळात मावळतो, म्हणजे उजेड अकरा तासांचा. चोरवण्याहून नागेश्वर गाठायला सवयीच्या पायाला साडेचार तास. नागेश्वर ते वासोटा अडीच-तीन तास. वासोट्याहून मेट इंदवलीला उतरायला दीड-दोन तास आणि तिथून कोयनेच्या जलाशयातून पलीकडच्या बामणोलीची बोट सव्वा-दीड तास. जेवण, विसावा, चुकलेली वाट काहीही न धरता हे पावणेदहा ते अकरा तास भरतात, आणि अंधार पडल्यावर बोट मिळत नाही. म्हणजे कोकणातून चढून वासोट्यामार्गे पलीकडे जाण्याचा बेत उजेडात बसतच नाही. त्यात मुंबईहून आलेली मंडळी गावात पोचतात आठला, चहा-नाश्ता करून निघतात नऊला. आपला उतार पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळी सावली असते आणि दुपारी बारानंतर कातळ तापतो. नेमक्या त्या वेळी ही मंडळी शेवटच्या खड्या चढावर असतात. पाणी संपते, वेग निम्म्यावर येतो, गुहेत पोचेपर्यंत चार वाजतात. आता खाली उतरणे म्हणजे घसाऱ्याच्या वाटेवर अंधारात, फुरशांच्या वेळेला उतरणे. मुक्काम करायचे ठरले नसले तरी मुक्काम होतो.

यावर करता येण्याजोगी गोष्ट अशी की दिशा उलटी घ्यावी. बामणोलीत वन विभागाच्या कार्यालयात वासोट्याचा दिवसाचा परवाना त्याच दिवशी मिळतो. सकाळी आठची बोट धरली तर साडेनऊला पायथा, साडेअकराच्या सुमारास गड, अडीचपर्यंत नागेश्वर आणि साडेपाच-सहापर्यंत चोरवण्यात उतार. तरीही हातात अर्ध्या तासाहून जास्त सवड राहत नाही, म्हणून नवख्यांनी आणि मोठ्या गटाने यात पडू नये. शिवाय बोटीने गेलेली माणसे बोटीनेच परततील असे तिथे धरलेले असते. पलीकडे कोकणात उतरायचे असेल तर ते आधी लेखी मागावे आणि लेखी मिळाले तरच जावे. न सांगता उतरलात तर इकडे तुम्ही घरी पोचलेले असता आणि तिकडे वनरक्षक व बोटवाले तुम्हाला शोधत असतात.

आता अर्जाबद्दल. सगळ्यांत जास्त वेळ चुकीच्या दारात जातो. वन खात्यात प्रादेशिक विभाग वेगळा आणि वन्यजीव विभाग वेगळा. रत्नागिरी जिल्ह्याच्या प्रादेशिक विभागाचे कार्यालय चिपळूणला आहे. पायथ्याचा सरकारी वनाचा तुकडा त्यांच्याकडे, पण कड्यावरची अभयारण्याची आणि उद्यानाची हद्द व्याघ्र प्रकल्पाच्या वन्यजीव विभागाकडे. त्यात आपल्या जिल्ह्यात सरकारी वन थोडे आणि खासगी रान जास्त. म्हणजे एकाच वाटेवर सकाळी खासगी मालकी, दहा वाजता प्रादेशिक वन आणि बारा वाजता व्याघ्र प्रकल्प, असे तीन धनी लागू शकतात. खासगी जागेत मुक्कामासाठी मालकाची संमती, प्रादेशिक वनासाठी तिथल्या वनक्षेत्रपालाची, आणि वरच्या हद्दीसाठी वन्यजीव विभागाच्या वनक्षेत्रपालामार्फत व्याघ्र प्रकल्पाच्या उपसंचालकांकडे अर्ज. संशोधनासाठी आत राहायचे असेल तर ते प्रकरण नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांपर्यंत जाते, त्याला महिने लागतात. पर्यटनाच्या अर्जात "अभ्यास सहल" असे मोघम लिहिले की अर्ज त्या वाटेला लागतो आणि तिथेच पडून राहतो. कलम २८ मधले खरे कारण लिहावे: पर्यटन असेल तर पर्यटन.

अर्ज किमान महिनाभर आधी द्यावा. "प्रचितगड ट्रेकसाठी परवानगी मिळावी" एवढ्या एका ओळीवर कोणताही जबाबदार अधिकारी सही करणार नाही, आणि करूही नये. त्याला कळायला हवे ते असे: प्रवेश कोणत्या गावातून, कोणत्या तारखेला, किती वाजता, बाहेर कुठून आणि किती वाजेपर्यंत, रात्रीचा मुक्काम कोणत्या गावात, कोणाच्या जागेत, माणसे किती, त्यांची नावे, वये, ओळखपत्रांच्या प्रती, घरच्या माणसाचा फोन, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांचे संमतीपत्र, सोबतच्या स्थानिक वाटाड्याचे नाव आणि त्याची सही. गटाच्या प्रमुखाचे हमीपत्र जोडावे: आग पेटवणार नाही, दारू, शस्त्र, फटाके, स्पीकर नेणार नाही, नेलेले प्लास्टिक मोजून परत आणू. ड्रोन आणि चित्रीकरणाची परवानगी वेगळी असते, त्याच अर्जात ती कोंबू नये. अर्जाची पोच शिक्क्यानिशी घ्यावी. पंधरा दिवसांनी फोन न करता प्रत्यक्ष जाऊन चौकशी केलेली बरी.

अर्ज अडकतो किंवा गेटवर माणसे परत पाठवली जातात, त्याची कारणेही ठरलेली आहेत. यादीत दहा नावे आणि हजर चौदा माणसे. आयत्या वेळी एक जण गळतो, त्याच्या जागी मित्र येतो, त्याचे ओळखपत्र यादीत नसते. तारीख नेमकी पावसाळी बंदीत पडते. काही गट यादी मुद्दाम मोठी देतात, आधी जागा अडवतात आणि मग समाजमाध्यमांवर माणसे गोळा करतात. पैसे घेऊन सहली नेणाऱ्यांमध्ये ही खोड फार आहे आणि तिच्यामुळे घरगुती चार-पाच जणांच्या गटाला जागा राहत नाही.

आगीबद्दल थोडे जास्त लिहितो. कलम ३० प्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग लावणे, पेटवणे किंवा जळती सोडणे गुन्हा आहे. डिसेंबरपासून सड्यावरचे गवत कमरेइतके उभे आणि पूर्ण वाळलेले असते. कड्यावर वारा खालून वर चढतो, त्यामुळे ठिणगी पडली की वणवा चढाच्या दिशेने माणसाच्या धावण्याहून जास्त वेगाने जातो. "आमची गॅसची शेगडी आहे, लाकूड नाही" हे पुरेसे नाही, शेगडी कलंडली की गवत तेवढेच पेटते. धुराने आणि उग्र अत्तराने कड्यावरची आग्या मोहोळे उठतात ते वेगळेच, आणि प्रचितगडच्या शिडीवर किंवा अरुंद वाटेवर असताना मोहोळ उठले तर पळायला जागा नसते. दिवसभराच्या चालीला चूल लागतच नाही. दशम्या किंवा तांदळाची भाकरी, सुकी चटणी, गूळ-शेंगदाणे, केळी आणि माणशी चार लिटर पाणी पुरते. फेब्रुवारीनंतर पाणी पाच लिटर धरावे आणि वरच्या टाक्यावर अवलंबून राहू नये.

सर्पदंशाचा विचार अर्ज लिहितानाच व्हावा. फुरसे, घोणस, नाग, मण्यार या चारही सापांवर चालणारी प्रतिविषाची लस एकच आहे, पण ती रुग्णालयातच द्यावी लागते. चोरवण्याकडच्या गटाने कळंबणीचे उपजिल्हा रुग्णालय आणि शृंगारपूरकडच्या गटाने संगमेश्वर-देवरुखचे ग्रामीण रुग्णालय आधीच लक्षात ठेवावे, गाडी आणि चालक पायथ्याला राखून ठेवावा. दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते. म्हणून पोलीस पाटलांकडे कागदावर परतीची वेळ लिहून द्यावी आणि "या वेळेनंतर दोन तासांत आलो नाही तर ११२ ला आणि वन खात्याच्या १९२६ ला कळवा" असे सांगून जावे.

इतरत्र काय करतात ते पाहिले तर आपला मार्ग सापडतो. केरळात अगस्त्यकूडमच्या वाटेवर वर्षातून थोडेच आठवडे प्रवेश देतात, रोजची संख्या बांधलेली असते आणि रात्रीचा मुक्काम अतिरुमला येथे वन खात्याने नेमलेल्या तळावरच होतो. उत्तराखंडात व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानात तंबूला अजिबात परवानगी नाही. लोक घांगरिया या गावात राहतात, सकाळी आत जातात आणि संध्याकाळी बाहेर येतात. तरी तिथली गर्दी कमी झालेली नाही आणि घांगरियाला रोजगारही मिळतो. अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानात पाठपिशवी घेऊन राहणाऱ्यांना परवाना मिळतो तो वाटेच्या सुरुवातीच्या जागेनुसार: अमुक वाटेने एका दिवशी एवढीच माणसे निघतील. त्यातल्या ६० टक्के जागा २४ आठवडे आधी सोडतीने आणि उरलेल्या ४० टक्के सात दिवस आधी खुल्या होतात, म्हणजे लांबून बेत करणाऱ्याला आणि आयत्या वेळी निघणाऱ्याला दोघांनाही संधी राहते. अस्वलांच्या हाती लागू नये म्हणून अन्न बंद डब्यातच ठेवावे लागते आणि तंबू पाण्यापासून शंभर फूट दूर लावावा लागतो.

आपल्याकडे घांगरियाचा मुक्काम आणि योसेमिटीची वाटनिहाय संख्या एकत्र करावी, अशी आमची मागणी आहे. परवान्याची खिडकी चोरवण्यात आणि शृंगारपुरात असावी. वन्यजीव विभागाचा वनपाल हंगामात शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी पहाटे तिथे बसावा. संख्या वाटेनुसार ठरावी, संपूर्ण उद्यानासाठी एकच आकडा असू नये, कारण प्रचितगडची शिडी आणि नागेश्वरची गुहा यांची माणसे पेलण्याची ताकद वेगळी आहे. निम्म्या जागा महिनाभर आधी, निम्म्या त्या आठवड्यात द्याव्यात. ज्याने आदली रात्र गावात काढली आहे त्यालाच उजाडताच प्रवेश मिळावा, आणि सकाळी आठनंतर चढ बंद. एवढ्या एका अटीने उशिरा निघून वर अडकण्याचा प्रकार बराचसा थांबेल. मुक्कामाची, जेवणाची आणि वाटाड्याची व्यवस्था गावाच्या परिस्थितिकीय विकास समितीकडे (वन खात्याने गावकऱ्यांची केलेली समिती) असावी आणि परवाना शुल्कातला ठरावीक वाटा तिच्याच खात्यात जमा व्हावा. गव्यांनी नासलेल्या शेतीची झळ ज्या गावाला बसते, त्या गावाला जंगलाचा पैसाही दिसला पाहिजे. तंबूंचे मोठे शामियाने उभारायची गरज नाही. पडवी, अंगण, स्वच्छ संडास आणि गरम भात-आमटी पुरे.

दुसरी मागणी मुदतीची. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये सेवा आणि तिची मुदत अधिसूचित करण्याची सोय आहे. पायी प्रवेशाच्या परवान्यासाठी सात कामाचे दिवस ही मुदत जाहीर व्हावी, आणि नकार द्यायचा तर कारण लेखी मिळावे. नुसते "सध्या बंद आहे" असे तोंडी उत्तर मिळाले की माणूस गुपचूप जायला शिकतो. वणव्याचा धोका, वाघिणीचा वावर, शिडी खिळखिळी झालेली, असे खरे कारण कागदावर आले तर बहुतेक गट बेत बदलतात.

ज्यांना रानातल्या रात्रीचीच ओढ आहे त्यांच्यासाठी सरळ वाट आहे. बुद्धपौर्णिमेला वन खात्याच्या प्राणिनिरीक्षणात पाणवठ्यावरच्या मचाणावर रीतसर रात्र काढता येते. तिथे बोलायचे नसते, उतरायचे नसते, पण जे दिसते ते तंबूतून कधी दिसणार नाही. रायगड जिल्ह्यात फणसाड अभयारण्याच्या कडेला सुपेगावला राहण्याची सोय आहे, लहान मुलांना घेऊन सुरुवात तिथून करावी.

गावकऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायची राहिली. शिमग्यात पालखी घरोघरी फिरत असते, सहाणेवर आणि देवळात गाव जमलेले असते. त्या दिवसांत आयत्या वेळी येऊन सभामंडपात झोपायला जागा मागू नये. महाशिवरात्रीला चोरवण्याहून नागेश्वरला भाविकांची रीघ असते, तेव्हा हौशी गटांनी ती वाट त्यांना मोकळी सोडावी. खिडकी सुरू झाली तर हे दिवस वेळापत्रकातच बंद दाखवता येतील. पावसाळी बंदी संपून वाटा खुल्या होण्याआधी वन्यजीव विभागाने दोन्ही ग्रामपंचायतींना बोलावून किमान एका वाटेवर एका हंगामापुरता हा प्रयोग सुरू करावा. वाटेवरची पाण्याची ठिकाणे, धोक्याच्या जागा आणि हद्दीचे दगड दाखवणारा नकाशा करून द्यायला आमच्यातले लोक विनामोबदला तयार आहेत.

आपले,
चिपळूण, खेड व संगमेश्वर परिसरातील काही गिरिप्रेमी वाचक